खुले पत्र: रोबिनियाच्या नावापुढे नुसती फुली मारू नका

प्रति,
आक्रमक झाडांच्या याद्या करणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी लाकडात काम करणारा माणूस आहे. तुम्ही कागदावर ज्या झाडांची नावं लिहिता, त्यांतली काही माझ्या रंध्याखालून जातात. आपली ओळख काय ती एवढीच. बाहेरून येऊन स्थानिक झाडोऱ्याला हुसकावणाऱ्या झाडांच्या तुमच्या याद्या मी वर्षानुवर्षं वाचतोय आणि बहुतेक नावांना मान डोलावतो. एका नावापाशी मात्र दर वेळी अडखळतो. रोबिनिया स्यूडोअकेशिया, म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांचा ब्लॅक लोकस्ट. काही याद्यांत त्याच्यापुढे फुली असते, काहींत ते झाड सापडतच नाही, आणि दोन्ही वेळा मला वाटतं की लिहिणाऱ्याने झाड एकाच बाजूने पाहिलंय.

आधी नावाचं उरकून घेऊ, निम्मा घोळ त्यानेच घातलाय. लोकस्ट म्हणजे टोळ. यंत्राकडून मराठी करून घेतलं तर हाती 'काळा टोळ' येतो आणि वाचणारा फवारणीची चौकशी करू लागतो. किड्याशी या झाडाचं काहीही नातं नाही. अमेरिकेत वस्ती करायला गेलेल्या युरोपीय लोकांना याच्या शेंगा बघून भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोबची आठवण झाली, त्या झाडाला ते लोकस्ट म्हणत, तेच नाव इकडे चिकटलं. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये शास्त्रीय नाव दिलं तेव्हा रोबिनिया हा भाग फ्रान्सच्या राजाचे माळी जाँ रोबँ आणि त्यांचा मुलगा व्हेस्पासियाँ यांच्यावरून घेतला, आणि पुढे जोडलं स्यूडोअकेशिया: बाभळीचा तोतया. तोतया खराच. काटे बाभळीची आठवण देणारे, पानंही तशीच पर्णिकांत विभागलेली. पण फुलोरा आला की सोंग उघडं पडतं. बाभळीचे ते पिवळे गोंडे कुठे आणि हे पांढऱ्या फुलांचे लोंबते घोस कुठे! एकेक फूल वाटाण्याच्या फुलाच्या ठेवणीचं, आणि वास असा की झाड दिसायच्या आधी कळतं.

तोतयाने बाजारात मात्र मूळ नाव पटकावलं. युरोपात 'अकेशिया हनी' म्हणून जो फिकट, काचेसारखा मध विकतात, तो याच झाडाचा. बाभळीचा त्यात थेंब नसतो. लाकडाच्या बाबतीत उलटी गंमत. दुकानात 'अकेशिया'चं बाक म्हणून मिळतं ते बहुधा खऱ्या अकेशियांपैकी एखाद्याचं असतं, आणि गिऱ्हाईक समजतं की आपण रोबिनियाचं घेतलं. दोन पावसाळ्यांनंतर तो शिव्या देतो, त्या रोबिनियाला बसतात. तुमच्या यादीत शास्त्रीय नाव असतं म्हणून तुम्हाला हे जाणवत नसेल, पण तुमच्या यादीचा परिणाम जिथे होतो तिथे शास्त्रीय नाव कोणी वाचत नाही.

माझ्या कामाच्या टेबलावर या झाडाचा एक आडवा कापलेला तुकडा पडून असतो. सालीखाली फिकट लाकडाचा अगदी अरुंद थर, पाचसहा वर्तुळांहून कमीच. त्याच्या आत सगळा गाभा. ताजा कापला तेव्हा तो हिरवट पिवळा होता, उजेडाने हळूहळू तपकिरी झाला. भिंगातून पाहिलं तर गाभ्यातल्या नळ्या मोकळ्या दिसत नाहीत, आतून फुगे आल्यासारख्या बुजलेल्या दिसतात. पाणी शिरायला वाटच नाही. वर झाडाने स्वतःच गाभ्यात रोबिनेटिनसारखी द्रव्यं भरून ठेवलेली, ती बुरशीला मानवत नाहीत. अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी या तुकड्यावर मारली की तो पिवळ्या हिरव्या रंगाने लखलखून उठतो. ओळख पटवायची आमची ही सोपी युक्ती, कारण तुतीचं लाकूड वरवर पाहता बरंचसं असंच दिसतं, पण तुती अंधारातच राहते.

आता हे लाकूड किती टिकतं ते. लाकडाच्या टिकाऊपणाच्या युरोपीय मानकात १ ते ५ असे वर्ग आहेत, १ म्हणजे सर्वांत टिकाऊ. रोबिनियाचा गाभा १ ते २ मध्ये बसतो, म्हणजे सागवानाच्या पंगतीत. युरोपात वाढणाऱ्या झाडांत या पंगतीला बसणारं दुसरं झाड शोधावं लागतं. जमिनीत पुरलेला खांब कुजतो तो नेमका मातीच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. रोबिनियाचे कुंपणाचे डांब तिथे कित्येक दशकं उभे राहतात, आणि तेही कुठलंही रसायन न पाजता. हे रसायनाचं मुद्दाम सांगतो. स्वस्त मऊ लाकडाला आयुष्य द्यायला जगभर वर्षानुवर्षं तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबून भरत आले. घरं, अंगणं आणि मुलांची खेळणी यांसाठी ते लाकूड बनवणं अमेरिकेत २००३ च्या अखेरीला थांबलं. युरोपातल्या बागांत मुलं आज ज्या वाकड्यातिकड्या, साल काढून गुळगुळीत केलेल्या ओंडक्यांवर चढतात ते बऱ्याच ठिकाणी रोबिनियाचे असतात. वाकडेपणा हा या झाडाचा दोष म्हणून फळीवाले नाक मुरडायचे, खेळणीवाल्यांनी त्याचंच भांडवल केलं.

त्याआधीच्या कामांची यादी मोठी आहे, मी दोनचारच सांगतो. लाकडी जहाजांच्या फळ्या सांगाड्याला जोडायला लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या ठोकत, त्यांत रोबिनियाच्या खुंट्यांना मोठा मान होता: कुजत नाहीत, गंजत नाहीत आणि वाळल्यावर फारशा आकसत नाहीत. तारायंत्राच्या खांबांवर काचेचे विद्युतरोधक बसवायला ज्या पिना लागत त्या याच लाकडाच्या. द्राक्षबागांचे खांब आजही. इटलीतल्या मोडेनाचा पारंपरिक बाल्सामिक सिरका वेगवेगळ्या लाकडांच्या पिंपांत मुरवतात, त्यांत 'अकेशिया'चं पीप असतं, ते या तोतयाचंच. जळणालाही उत्तम, ओल्या लाकडात पाणी मुळात कमी, आणि वाळल्यावर घनमीटरला ७०० ते ८०० किलो भरेल इतकं जड.

सुताराला मात्र हे झाड सुख देत नाही, तेही सांगायला हवं. वाळताना फाटतं आणि पिळवटतं. रंध्याची धार तासाभरात जाते. आधी गिरमिटाने भोक पाडल्याशिवाय खिळा मारलात तर खिळा वाकेल किंवा फळी चिरेल, बहुतेक वेळा दोन्ही. म्हणून जाणते लोक ते ओलं असतानाच कापून घडवून घेतात. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही: हा टिकाऊपणा पिकलेल्या गाभ्याचा आहे. कोवळ्या झाडाच्या बारीक वाशात गाभा नीट तयार झालेला नसतो, आणि सालीखालचा फिकट थर तर कुठल्याही साध्या लाकडासारखा कुजतो. घाईने कापलेले, साल न सोललेले मनगटाएवढे डांब पाच वर्षांत पडले की दोष झाडाला लागतो.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, हा माणूस झाडाच्या प्रेमात पडलाय. असे पडलेले पूर्वी पुष्कळ होऊन गेले, आणि त्यांनीच तुमचं काम वाढवून ठेवलंय. पॅरिसमध्ये रने व्हिव्हियानी चौकातल्या बागेत एक म्हातारं रोबिनिया आधार देऊन उभं ठेवलंय, ते जाँ रोबँने १६०१ मध्ये लावलं असं मानतात. त्यानंतर युरोपभर त्याची हौस पसरली. इंग्लंडात विल्यम कॉबेट नावाच्या फटकळ पत्रकाराने १८२० च्या दशकात त्याचा असा डांगोरा पिटला की लोक 'लोकस्ट'च्या रोपांसाठी त्याच्याकडे धावले. तेच झाड बाकीच्या रोपवाटिकांत 'अकेशिया' नावाने गिऱ्हाइकाची वाट बघत पडून होतं. नावावर खपणारा माल नावावरच बदनामही होतो, हे लाकडाच्या धंद्यात आम्ही रोज बघतो.

हंगेरीची गोष्ट वेगळी. तिथल्या मोठ्या मैदानातली उडती वाळू धरून ठेवायला अठराव्या शतकापासून रोबिनिया लावत आले. शेंगावर्गीय झाड, मुळांवर गाठी, गाठींत हवेतला नत्र बांधून घेणारे जिवाणू. जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे हे स्वतःचं खत स्वतः करून उभं राहतं. आज त्या देशाच्या जंगलाचा जवळजवळ चौथा हिस्सा याच झाडाचा आहे. त्यांनी निवड करून सरळ खोडाचे वाण तयार केले, आणि २०१४ मध्ये रोबिनिया आणि त्याचा मध यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. म्हणजे अमेरिकेतून आलेला पाहुणा तिथे घरचा झाला. मधपाळांचं तर वर्षाचं गणित दहाएक दिवसांच्या फुलोऱ्यावर चालतं. त्या दहा दिवसांत उशिराचा गारठा पडला किंवा पाऊस लागला की मधपेट्या रिकाम्या. मिळतो तो मध फ्रुक्टोज जास्त असल्याने महिनोन्महिने पातळ राहतो, रवा धरत नाही.

आता सीमा ओलांडा. जर्मनीत २०२० साली रोबिनियाला 'वर्षाचं झाड' म्हणून निवडलं, आणि त्याच देशात निसर्गरक्षक मंडळी ते कोरड्या माळांवरून हटवायला धडपडतात. अमेरिकेत ते अपालाचियन डोंगररांगांचं आणि ओझार्क पठाराचं मूळ रहिवासी. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात ते देशी आहे. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात नियंत्रित आक्रमक आणि मॅसॅच्युसेट्समध्ये विक्रीला बंदी. झाड तेच, फक्त काही तासांच्या गाडीच्या अंतरावर त्याची जात बदलते. कोण चुकलं? माझ्या मते कोणीच नाही, आणि म्हणूनच एका फुलीत हे मावत नाही.

त्याचा अपराध काय तो मला ठाऊक आहे, कारण एकदा तो माझ्या हातून घडलाय. एका गवताळ उताराच्या कडेला एक मोठं रोबिनिया उभं होतं, ते हटवायचं ठरलं, आणि खोड मला मिळणार म्हणून मी आनंदाने करवत घेऊन गेलो. हिवाळ्यात पाडलं, ओंडके गाडीत घातले, मंडळी खूश. पुढच्या उन्हाळ्यात सहज बघायला गेलो तर बुंध्याभोवती छातीएवढे फुटवे, ते ठीक. पण पार पंधरावीस पावलांवर, गवताच्या मधोमध, मुळांवरून वर आलेले कोंभ. उसाचा खोडवा ठेवावा तसं आम्ही ते झाड राखून ठेवलं होतं, आणि तेही सगळ्या उतारावर पसरवून. चाळीसपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. प्रत्येक कोंभावर पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी, कोवळ्या फुटव्यावर ते काटे चांगले जाडजूड असतात. हातमोज्यातून आत गेलेला एक काटा मी आठवडाभर बाळगला.

खरं नुकसान काट्यांनी होत नाही. कोरडे माळ जगतात ते गरिबीवर. तिथली बारीक फुलझाडं, गवतं, त्यांवरची फुलपाखरं यांना नत्र कमी असलेली जमीनच लागते. रोबिनिया तिथे शिरलं की जमीन श्रीमंत होते, खाजकुइलीसारखी अंगाला आग लावणारी खादाड तणं येतात, आणि माळ मरतो. नंतर झाड काढलं तरी मातीतला नत्र लगेच जात नाही. जो गुण वाळूत आणि खाणीच्या ढिगाऱ्यावर वरदान ठरतो, तोच इथे मारक. अपालाचियनमध्ये कोळशासाठी उकरून टाकलेल्या डोंगरांवर आणि जर्मनीतल्या लाउझित्सच्या खाणींच्या मातीवर या झाडाने पहिली सावली दिली ती याच गुणाच्या जोरावर. चीनच्या लोएस पठारावरही (वाऱ्याने आणून साचवलेल्या भुसभुशीत मातीचं पठार) ते मोठ्या प्रमाणावर लावलं. माती वाहायची थांबली, पण पाऊस कमी तिथे झाडांनी जमिनीतला खोलवरचा ओलावा ओढून घेतला, आणि पुढे तीच झाडं खुरटली, शेंड्याकडून वाळू लागली. गंमत म्हणजे स्वतःच्या घरीही हे झाड सुखात नाही. अमेरिकेत एक खोडकिडा त्याच्या गाभ्यात बोगदे पाडतो, म्हणून मायदेशातली कित्येक खोडं फळ्यांच्या लायकीची राहत नाहीत.

तर मला तुमच्याकडून हवं आहे ते असं. नावापुढच्या रकान्यात 'होय' किंवा 'नाही' लिहून थांबू नका, जागा लिहा. कोरड्या माळाजवळ, वाळूच्या गवताळ पट्ट्यात, नदीकाठच्या मोकळ्या रेतीत नवं रोपटं लावायला सरळ मनाई करा. तिथे मी तुमच्या बाजूने सही करतो. माळापासून किती अंतर ठेवायचं ते त्या त्या भागातल्या वनस्पतीतज्ज्ञांनी ठरवावं, मी सुताराने ठरवू नये. पण उजाड ढिगाऱ्यावर, रस्त्याकडेला फरसबंदीत, शेताच्या बांधावर जे आधीच उभं आहे आणि चारी बाजूंनी नांगर किंवा डांबराने बांधलेलं आहे, त्याला हात लावायच्या आधी विचारा की ते गेल्यावर तिथे काय येणार, आणि त्या भागातल्या डांबांची गरज मग कुठल्या रसायनातून भागवणार.

जिथे काढायचंच आहे तिथे काढायची पद्धतही यादीतच छापा. निविदा काढून एका दिवसात करवती चालवल्या की काय होतं ते मी वर सांगितलं. सावकाशीची रीत वेगळी: खोडाभोवती सालीचा पट्टा सोलायचा, पण पूर्ण नाही, दहाव्या हिश्शाएवढी साल जोडलेली ठेवायची. झाडाला आपण मेलो असं वाटत नाही, त्यामुळे ते फुटव्यांचा गजर करत नाही. मुळांतला साठा मात्र हळूहळू सरतो. उरलेली साल पुढच्या वर्षी सोलायची, मग झाड वाळलं की पाडायचं. दोनतीन वर्षं लागतात. अंदाजपत्रक एका वर्षाचं असतं, हे मला कळतं. झाडाला ते कळत नाही.

आणि लाकूड वेगळं मोजा. मेलेला ओंडका पसरत नाही. काढलेल्या झाडाचा भुगा करून जाळण्याआधी गाभ्याचे डांब, खांब, बाक करून घ्या, आणि विकताना त्यावर 'रोबिनिया' असं लिहायची सक्ती करा, 'अकेशिया' नाही. काढण्याचा निम्मा खर्च त्यातून निघेल असं मी म्हणत नाही, पण विदेशी वर्षावनातलं एखादं खोड तरी त्यामुळे उभं राहील. माळ वाचवणारे आणि लाकूड वापरणारे एका झाडावरून भांडत बसतात, आणि दोघांच्या उपयोगाचं काम एकाच आरीने होण्यासारखं आहे. ती आरी कधी आणि कुठून चालवायची हे कागदावर आणणं तेवढं तुमच्या हातात आहे.

एक छोटी विनंती. पुढची बैठक बंद खोलीत न घेता फुलोऱ्याच्या त्या दहा दिवसांत एखाद्या रोबिनियाखाली घ्या. मधमाश्यांच्या गुणगुणण्यात इतिवृत्त लिहिणाऱ्याला ऐकू कमी येईल, चालेल. उन्हं कलल्यावर पर्णिका मिटून खाली लोंबायला लागतात, तेवढा वेळ थांबा. फुलं तोडून पिठात बुडवून तळलीत तरी चालतील, पण देठ काढून टाका. पानं, बिया आणि साल यांच्या वाटेला जाऊ नका, ती विषारी आहेत. आणि सदस्यांपैकी कोणी घोड्यावरून येणार असेल तर घोडा दुसऱ्या झाडाला बांधा. त्याने ही साल चावली तर बैठक सोडून पशुवैद्याकडे धावावं लागेल.

कळावे,

आपला,
एक सुतार